कर्ता नसलेली नोंद

हसले ती मी. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे आमच्या डॉक्टरांवर काय काय बालंट आलं ते वाचताना तुम्ही भलत्याच माणसावर संशय घेणार नाही.

मी दातांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. एकोणीस वर्षं झाली. डॉक्टर समोरून पेशंटच्या तोंडात वाकतात आणि मी डोक्यामागे उभी राहून थुंकी ओढायची नळी धरते. त्यामुळे पेशंटला डॉक्टर दिसतात, तेही तोंडाला मास्क लावलेले, आणि मी दिसत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा. डॉक्टर स्वभावाने इतके मऊ, की पेशंटला सुई टोचताना 'आई गं' तेच म्हणतात. उंची बेताची, डोक्याला पूर्ण टक्कल. टक्कलही लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

माझं हसू हा आमच्या घरातला जुना विषय आहे. ते नाकात सुरू होतं, घशात अडकतं आणि मग एकदम फुटतं. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा मनापासून हसले, तेव्हा सासूबाईंनी धावत जाऊन गॅस बंद केला होता. त्यांना वाटलं कुकर उडाला. आता त्यांना सवय झाली आहे, पण अजूनही कुणी विनोद सांगायला लागलं की त्या आधी माझ्या हातातला कप काढून घेतात. दवाखान्यात मात्र मी इतकी वर्षं हे हसू दाबून ठेवलं होतं.

त्या वर्षी डॉक्टर एका शिबिराला गेले. 'डॉक्टर आणि कायदा' असं शिबिराचं नाव. गेले ते शीळ घालत, परत आले ते पांढरेफटक पडून. कोण कुठला डॉक्टर कशावरून कोर्टात खेचला गेला, याच्या कहाण्या त्यांना दोन दिवस ऐकवल्या होत्या. सोबत एक जाडजूड फाइल होती आणि तीन नियम होते. ते त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून हत्यारं उकळायच्या भांड्यावरच्या भिंतीला चिकटवले. जे लिहिलं नाही ते घडलं नाही. जे लिहिलं ते खोडायचं नाही. दुरुस्ती करायची तर एकच रेघ मारायची आणि शेजारी तारीख घालून सही करायची.

"म्हणजे डॉक्टर, सगळंच लिहायचं?" मी विचारलं.

"सगळं, ताई. खुर्चीत जे जे घडेल ते."

मला एखादी गोष्ट सांगितली की मी ती करते. दुसऱ्या दिवसापासून केसपेपरवर मी लिहायला लागले: पेशंटने तीनदा घड्याळ पाहिलं. पेशंट म्हणाले रोज दोनदा ब्रश करतो. पेशंट खोटं बोलत होते. डॉक्टरांनी ते वाचलं आणि म्हणाले, "ताई, मत नको. फक्त घटना." तेव्हापासून मी मत लिहायचं सोडून दिलं आणि मनात ठेवायला लागले. हे पुढे महागात पडलं.

तर अशा दिवसांत आमच्याकडे सर आले.

सर म्हणजे भाषेचे निवृत्त शिक्षक. छत्तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलेलं. शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. निळ्याचं टोपण कोरं करकरीत होतं आणि लाल पेन पार झिजलं होतं, यावरून काय ते समजा. डावीकडच्या खालच्या दाढेने त्यांना आठ दिवस झोपू दिलं नव्हतं. गाल टम्म सुजला होता. तरी आल्या आल्या त्यांनी आमच्या पाटीकडे बघून विचारलं, "'दवाखान्याचि वेळ' हे कुणी लिहिलं?"

डॉक्टरांनी शिबिरातून आणलेलं संमतीचं छापील पत्र त्यांच्यापुढे ठेवलं. दोन पानं होती. सरांनी लाल पेन काढलं.

"संमतीपत्र नव्हे. संमतिपत्र. समासात ति पहिली."

"हो का," डॉक्टर म्हणाले. "सही खाली करायची आहे."

"करतो ना. पण अशुद्ध मजकुराखाली मी आजवर सही केलेली नाही."

मग वीस मिनिटं गाल धरून त्यांनी ती दोन पानं तपासली. चौदा चुका निघाल्या. 'बधीर'चं 'बधिर' केलं, एका वाक्याला पूर्णविराम दिला, एका ठिकाणी कडेला नुसता प्रश्नार्थक चेहरा केल्यासारखं एक चिन्ह काढलं. बाहेर बाकावर तीन माणसं गाल धरून ताटकळत होती. शेवटी सरांनी झोकदार सही केली, आणि डॉक्टरांनी इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडून भुलीचं इंजेक्शन भरलं.

दाढ छान निघाली. एक आवाज नाही, फार रक्त नाही. सरांनी चूळ भरली, मागे टेकले आणि त्यांना काहीतरी आठवलं. बोट वर करून ते डॉक्टरांना म्हणाले:

"तुमच्या फंमतिपत्रात अजून एक फुद्धलेफनाफी फूक आहे."

मी नाक दाबलं. खरंच दाबलं. पण सरांनाही आपला आवाज विचित्र वाटला असावा. त्यांनी घसा खाकरला आणि वर्गात म्हणायचे तसं एकेक अक्षर सुटं करून पुन्हा म्हणाले, "फु. द्ध. ले. फन."

मग जे झालं ते माझ्या हातात नव्हतं. नाकात सुरू झालं, घशात अडकलं आणि फुटलं. नळी हातातून सुटून खाली पडली आणि फरशीवरचं पाणी सुर्र सुर्र करून ओढायला लागली, त्याने मला आणखीच हसू आलं.

"जरा शांत राहा," डॉक्टर म्हणाले.

सर ताडकन उठले. गळ्यातला नॅपकिन काढून, त्याची व्यवस्थित घडी घालून खुर्चीवर ठेवला आणि डॉक्टरांकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता अंगठे धरायला लावतात. ते निघून गेले. गाल सुजलेला, ओठ लोंबलेला, पण चाल मात्र ताठ.

मी केसपेपर ओढला. जे घडलं ते लिहायचं होतं आणि मला माझं नाव लिहायचं नव्हतं. मी लिहिलं: 'डावी खालची दाढ काढली. रक्त थांबलं. मग दात काढले. डॉक्टर म्हणाले शांत राहा. पेशंट निघून गेले.' घटना सगळ्या आल्या, मत एकही नाही. मला वाटलं, काय बेमालूम जमलंय.

डॉक्टर तेव्हाच सरांना फोन करणार होते. रिसीव्हर हातात घेतलाही होता. मग त्यांना फाइल आठवली. पेशंट नाराज होऊन गेला तर आधी डॉक्टरांवरच्या दाव्यांचा विमा उतरवणाऱ्या कंपनीला कळवा, असं तिच्यात होतं. त्यांनी कळवलं. कंपनीने एक वकीलबाई दिल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "पेशंटशी बोलायचं नाही. आणि सॉरी तर मुळीच म्हणायचं नाही. सॉरी म्हणजे कबुली."

"पण त्यांना वाईट वाटलंय हो," डॉक्टर म्हणाले.

"वाटू दे. वाईट वाटण्याला पुरावा लागतो."

तीन आठवड्यांनी डॉक्टरांच्या वर्तनाची चौकशी करणाऱ्या समितीकडून पत्र आलं. सोबत सरांच्या तक्रारीची प्रत होती. हस्ताक्षर मोत्यासारखं, समास आखलेला. सरांनी आयुष्यभर मुलांना 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न घातला होता. आता संधी मिळाल्यावर त्यांनी हात राखला नव्हता.

'माझी दाढ काढून झाल्यावर डॉक्टरांनी दात काढले,' असं त्यांनी लिहिलं होतं. 'भरल्या दवाखान्यात माझे नाक कापले. माझ्या तोंडचे पाणी पळाले, पायाखालची वाळू सरकली. एवढ्यावर न थांबता मलाच शांत राहा असे सांगून त्यांनी जखमेवर मीठ चोळले. ज्यांच्यावर विश्वास टाकला त्यांनीच केसाने गळा कापला. मी कानाला खडा लावला आहे.'

आता हे तुम्हाआम्हाला कळतं. पण समितीचे कारकून हे वेगळंच प्रकरण होतं. त्यांच्याकडे एक छापील तक्ता होता आणि त्याला रकाने होते: अवयव, इजेचं स्वरूप, वापरलेलं साधन. आलेली प्रत्येक तक्रार त्या रकान्यांत बसलीच पाहिजे, असा त्यांचा बाणा. आम्ही त्यांना रकानेसाहेब म्हणायला लागलो. रकानेसाहेबांनी सरांची तक्रार वाचली आणि ती बसवली.

तक्त्याप्रमाणे आमच्या डॉक्टरांनी संमती एका दाढेची असताना पुढे आणखी दात काढले होते, संख्या अनिश्चित. नंतर नाक कापलं, जे दंतवैद्याच्या अधिकारात बसत नाही. तोंडाला कोरड पाडली. जखमेवर अमान्य औषध वापरलं, मीठ. गळ्याला इजा केली, साधन केस, कोणाचा ते नमूद नाही. फरशीवर वाळू होती, त्याअर्थी दवाखान्याच्या स्वच्छतेबद्दल वेगळा खुलासा करावा. आणि कानातल्या खड्यापुढे त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: रुग्णाने स्वतः लावला, सबब डॉक्टर जबाबदार नाहीत.

मी आधी पोट धरून हसले. मग खालची ओळ वाचली आणि माझं हसू घशातच विझलं. आरोप सिद्ध झाल्यास सहा महिने व्यवसाय बंद, असं तिथे होतं.

"डॉक्टर, मी जाऊन सांगते," मी म्हणाले. "हसले मी. दात काढले म्हणजे हसले. दोन मिनिटांत मिटेल."

डॉक्टर हातातला आरसा पुसत राहिले. "मग ते विचारतील कोण हसलं. मग तुमचं नाव लागेल त्या कागदावर. ताई, खुर्चीभोवती चार फुटांत जे होतं ते माझं. तुम्ही हसलात म्हणजे दवाखाना हसला."

"मग तुम्हीच सांगा, तुम्ही हसलात म्हणून."

"खोटं कसं सांगू?"

म्हणजे यांना खरं सांगायचं नव्हतं आणि खोटंही बोलायचं नव्हतं. असा माणूस वकिलाच्या काय कामाचा? आणि मी? मला त्या क्षणी हायसं वाटलं. याची मला आजही लाज वाटते.

घरी सासूबाईंना सगळं सांगितलं. नाक, वाळू, मीठ, सगळं. त्या शेंड्यापासून बुडख्यापर्यंत ऐकून घेऊन म्हणाल्या, "ते राहू दे. हसलं कोण?"

"मी."

"आणि कागदावर नाव कुणाचं?"

मी भांडी घासायला घेतली. स्वच्छ होती तरी घासली.

मधल्या काळात वकीलबाईंनी लेखी उत्तर दिलं. सगळे आरोप अमान्य केले होते. केसाने गळा कापल्याच्या आरोपाबद्दल लिहिलं होतं की आमच्या अशिलाला संपूर्ण टक्कल आहे, सबब सदर साधन त्यांच्याकडे उपलब्धच नव्हतं. सोबत डॉक्टरांच्या डोक्याचे दोन फोटो जोडले होते, एक समोरून आणि एक मागून.

एकदा, दवाखान्यात कुणी नसताना, मी तो केसपेपर काढला आणि 'मग दात काढले' या ओळीकडे बघत बसले. पुसायचं रबर हाताशी होतं. पण भिंतीवर तीन नियम होते आणि मी लिहिलं होतं शाईने. कागद परत ठेवून दिला.

सुनावणीला आम्ही तिघं गेलो, डॉक्टर, वकीलबाई आणि मी. दुसऱ्या मजल्यावरची लांबट खोली. टेबलावर हिरवं कापड, झाकण ठेवलेले पाण्याचे पेले, आणि माझ्या वाट्याला आलेल्या खुर्चीचा एक पाय आखूड. समितीचे अध्यक्ष म्हणजे एक वयस्कर शल्यचिकित्सक, डोळे अर्धे मिटलेले. त्यांच्या बाजूला रकानेसाहेब, पुढे तक्ता. समोर सर. गाल आता उतरला होता. त्यांनी आमच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"डॉक्टरांनी तुमचे दात काढले?" अध्यक्षांनी विचारलं.

"माझे नव्हे, स्वतःचे," सर म्हणाले.

अध्यक्षांचे डोळे पूर्ण उघडले. "डॉक्टरांनी स्वतःचे दात काढले? तुमच्या देखत?"

"माझ्या तोंडावर!"

"किती?"

"आता मोजत का बसणार मी? बत्तीसच्या बत्तीस दाखवले असतील!"

रकानेसाहेबांनी बत्तीस हा आकडा लिहून घेतला. मग मान वर करून डॉक्टरांच्या तोंडाकडे बघितलं. डॉक्टरांनी घाबरून तोंड घट्ट मिटलं, त्यामुळे संशय आणखी वाढला.

"दवाखान्याच्या नोंदीतही हेच आहे, साहेब," रकानेसाहेब म्हणाले आणि माझा केसपेपर हातात धरून उभे राहिले. "'डावी खालची दाढ काढली. रक्त थांबलं. मग दात काढले.' दाढ वेगळी, दात वेगळे. अनेकवचन आहे. दोन्ही पक्षांचं एकमत आहे."

वकीलबाईंनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी खुर्चीसकट एका बाजूला कलले.

"डॉक्टर," अध्यक्ष म्हणाले, "संमती नसताना दात काढणं याचा अर्थ तुम्हाला कळतो ना?"

"अर्थ!" सरांनी टेबलावर थाप मारली. पेल्यांवरची झाकणं वाजली. "अर्थच तर कुणाला कळत नाही! अहो, दात काढणे म्हणजे निर्लज्जपणे हसणे. वाक्प्रचार आहे तो. सातवीची मुलं सांगतात!"

रकानेसाहेबांचं पेन तक्त्यावरच थांबलं.

"मग नाक?" अध्यक्षांनी विचारलं.

"वाक्प्रचार."

"मीठ?" रकानेसाहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"वाक्प्रचार!"

"आणि वाळू? मी स्वच्छता विभागाला पत्र पाठवलंय हो."

सरांनी कपाळाला हात लावला. रकानेसाहेबांनी एकेका रकान्यावर एकच रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी तारीख घालून सही केली. सगळ्या रेघा मारून होईपर्यंत आम्ही बघत बसलो. मला वाटलं, सुटलो.

"म्हणजे तक्रार इतकीच, की डॉक्टर हसले," अध्यक्ष म्हणाले.

"इतकीच?" सर म्हणाले. त्यांचा आवाज एकदम खाली आला. "तुमच्यावर कधी कुणी हसलं नसेल."

अध्यक्ष सावरून बसले. "नाही, तेही साधं नाही. रुग्णाची चेष्टा केली तर वर्तणुकीचा ठपका बसतो, कायमच्या नोंदीत. डॉक्टर, तुम्ही हसलात का? हो की नाही?"

वकीलबाई कुजबुजल्या, "नाही म्हणा." नाही म्हणणं खरंही होतं. पण नाही म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता. डॉक्टरांनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि म्हणाले, "नोंद बरोबर आहे. जबाबदारी माझी आहे."

"मी हो की नाही विचारलं."

सव्वीस वर्षांत एक डाग नाही त्या माणसावर, आणि टकलावर घामाचे थेंब जमले होते. ते पुसायलाही हात वर होईना.

तेवढ्यात सरांनी चष्मा लावला. "ती नोंद बघू," म्हणाले. माझा केसपेपर त्यांच्या हातात गेला. ओठ हलवत त्यांनी ओळ वाचली, पुन्हा वाचली, आणि सवयीने खिशातलं लाल पेन बाहेर आलं.

"'मग दात काढले.' कुणी? या वाक्यात कर्ता कुठे आहे?" ते कुणाला रागावून म्हणत नव्हते, खरोखरच शोधत होते. "कर्मणी प्रयोगात लपायला फार जागा असते. मुलं नेहमी असंच लिहितात. काच फोडली. वही फाडली. कोण? कर्ता सांगा, म्हणायचो मी." मग त्यांनी मान वर केली. "हे अक्षर डॉक्टरांचं नाही. कुणाचं आहे?"

आखूड पायाच्या खुर्चीवरून उठायला दोन प्रयत्न लागले.

"माझं आहे, सर. कर्ता मी आहे. हसले ती मी. मी तुमच्या डोक्यामागे होते. डॉक्टर 'शांत राहा' म्हणाले ते मला म्हणाले, तुम्हाला नाही. ते हसले नाहीत, सर. त्यांनी चार महिने माझं नाव घेतलं नाही, आणि मीही पुढे आले नाही. मी चुकले."

मला वाटलं आता सर ओरडतील. सरांनी पेनाचं टोपण लावलं, पुन्हा काढलं.

"बाई," ते म्हणाले, "छत्तीस वर्षं मी मुलांचे उच्चार सुधारले. श आणि स वेगळे करून दिले. त्या दिवशी माझ्या तोंडून फ आला. पुन्हा म्हटलं, पुन्हा फ. मला वाटलं जीभ गेली. आता जन्मभर असंच बोलायचं. आणि नेमकं तेव्हा कुणीतरी हसलं."

डॉक्टर पुढे वाकले. "सर, भुलीने जीभ बधिर होते. दोन-तीन तास. मग आपोआप उतरते. ते त्या संमतिपत्रात होतं."

"होतं?"

रकानेसाहेबांनी संमतिपत्र शोधून दिलं. दुसऱ्या पानावर, मधोमध: 'दोन ते तीन तास ओठ व जीभ बधीर राहून बोलण्यास अडचण येईल.' त्यातल्या 'धी'वर लाल रेघ होती आणि वर सुबक 'धि' काढलेली होती.

सर ती ओळ कितीतरी वेळ बघत राहिले. "मी हे तपासलं," ते म्हणाले. "वाचलं नाही."

"आणि मी सही घेतली," डॉक्टर म्हणाले. "सांगितलं नाही. तोंडाने सांगायला दहा सेकंद लागले असते. तुम्ही घरी जाऊन तीन तास घाबरून बसला असाल. सर, मी चुकलो. मला माफ करा."

टेबलाखाली वकीलबाईंनी डॉक्टरांना लाथ मारली. ती मला लागली. मला ती लागायलाच हवी होती.

अध्यक्षांनी मला विचारलं, नोंदीत काही दुरुस्ती करायची आहे का. मी केसपेपर घेतला. खोडलं काहीच नाही. खाली त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिलं: 'मागील नोंदीत दात काढले, म्हणजे हसले, ती मी. मी दिलगिर आहे.' सही केली. सर वाकून बघतच होते.

"दिलगिरी लिहिताना गि पहिली," ते म्हणाले. "दिलगीर लिहिताना गी दुसरी." त्यांनी लाल पेनाने एकच रेघ मारली, वर दुरुस्ती केली आणि मी काही सांगायच्या आत शेजारी तारीख घालून सही केली. मग म्हणाले, "तक्रार मागे घेतो. कशात लिहून देऊ?"

रकानेसाहेबांनी तक्ता उलटा-सुलटा करून बघितला. त्यात असा रकानाच नव्हता. शेवटी त्यांनी हाताने एक आखला.

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्यांनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि तो काढून घेतला नाही.

दोन महिन्यांनी सर पुन्हा आले. या वेळी उजवी दाढ होती. येताना त्यांनी आमचं संमतिपत्र स्वतःच्या हाताने नव्याने लिहून आणलं होतं, चूक शोधून सापडणार नाही असं. डॉक्टरांनी ते बाजूला ठेवलं, स्टूल ओढून समोर बसले आणि तोंडाने सगळं सांगितलं. किती दुखेल, किती रक्त येईल, जीभ कधी जाईल, कधी येईल. सरांनी मध्ये एकदाही दुरुस्ती केली नाही. फक्त शेवटी म्हणाले, "तीन तास म्हणालात. मी घड्याळ लावतो."

दाढ निघाली. चूळ भरून झाली. मी नळी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी होते आणि छताकडे बघत होते. सरांनी खुर्चीतल्या खुर्चीत मान वळवून मला शोधून काढलं. मग एकेक अक्षर सुटं करून, माझ्याकडे रोखून बघत, म्हणाले:

"फु. द्ध. ले. फन."

माझ्या नाकात सुरू झालं. घशात आलं. मी नाक दाबलं, ओठ चावले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. डॉक्टर माझ्याकडे बघून गोठले होते.

"सर," मी कशीबशी म्हणाले, "हसू का?"

सरांनी केसपेपर मागून घेतला. खिशातलं लाल पेन काढलं, आणि आजच्या तारखेखाली आपल्या मोत्यासारख्या अक्षरात लिहिलं: 'बाईंनी हसावे. माझी संमती आहे.' त्याखाली सही केली.

वाक्यात कर्ता होता. मी हसले. सर हसले, ओठ एका बाजूला लोंबत असतानाच. बाहेरच्या बाकावरची माणसं काय फुटलं म्हणून उठून उभी राहिली.